देवीच्या माळेचा टंच

१२ जानेवारी

मशीन आलं. हमालांनी जिन्यावरून वर आणलं तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त घामाघूम झाले होते. बाजारपेठेतला हा गाळा आणि मशीन, दोन्ही पप्पांच्या जिवावर. पप्पा म्हणजे माझे सासरे, केसरीनाथ. काल्हेरच्या पट्ट्यात आमची गोदामं आहेत, भाड्याने दिलेली. सून एम.एस्सी. केमिस्ट्री होऊन घरात भाकऱ्या थापते, हे त्यांना बरं वाटत नाही, असं ते चारचौघांत सांगतात. मला ऐकायला बरं वाटतं.

कंपनीचा इंजिनिअर दिवसभर थांबला. दागिन्यावर क्ष-किरण पडले की आतला प्रत्येक धातू आपापले किरण परत फेकतो. ते मोजून सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा. कॉलेजात हे पाठ करून लिहिलं होतं, आज पडद्यावर पाहिलं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, एक बात याद रखना. टोटल ये हमेशा सौ ही करेगा. जो उसको दिखा, उसी का सौ."

मी मान हलवली. छापील रिपोर्ट मात्र सोपा करून घेतला. सोनं, चांदी, तांबं, जस्त, आणि उरलेलं सगळं एका ओळीत: इतर. बाजारातल्या माणसाला याहून जास्त वाचायचं नसतं.

२९ जानेवारी

आज एका सराफाशी भांडण झालं आणि मी जिंकले.

त्याची बांगडी मशीनवर चांगली बावीस कॅरेटची आली, पण हातात हलकी वाटत होती. हे किरण सोन्यात केसाच्या जाडीच्या एखाद्या हिश्शाइतकेच आत जातात. वरचा मुलामा जाड असला की मशीन मुलाम्याचाच टंच सांगतं. मी म्हटलं, "कापू द्या, नाहीतर रिपोर्ट देत नाही." बराच वेळ चिडचिड करून त्याने कापू दिली. आत पितळ.

"बाई, तुम्ही लई कडक हो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. हितेशने येताना मिठाई आणली. बायकोची कीर्ती नवऱ्याच्या तोंडून ऐकायला वेगळीच मजा येते.

१८ फेब्रुवारी

पप्पांनी जेवताना एक कल्पना काढली. गावदेवीची पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ दरसाल एका घराकडे असते, पाळीने. जत्रेआधी जुनं घर माळ देवळात आणतं, सगळ्यांसमोर तिचं वजन होतं, आणि जत्रेच्या पहाटे नवं घर ती धुऊन देवीच्या गळ्यात घालतं. यंदा माळ कमळकाकींकडून आमच्याकडे यायची आहे.

पप्पा म्हणाले, "वजन काय, वजन त पितळीचं पन भरतं. घरात मशीन हाय त टंच पन काढू. सगल्यांचंच समाधान."

कमळकाकी म्हणजे पप्पांच्या चुलतभावाची, पंढरीकाकांची बायको. काका वारले त्याला काही वर्षं झाली. घरात ती आणि मुलगा भाविक. तिच्या शेताच्या कडेने आमच्या मागच्या गोदामाला रस्ता हवाय, आणि ती सही देत नाही. त्यावरून दोन्ही घरांत बोलणं कमीच आहे. मला वाटलं, निदान देवीच्या निमित्ताने एकत्र येतील. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तसं बोललेही. त्या भात वाढत राहिल्या.

२ मार्च

नीट लिहून ठेवते, कारण दिवस मोठा होता.

देवीचं सोनं गावची वेस ओलांडत नाही, म्हणून मशीनच देवळात नेलं. इन्व्हर्टर, टेबल, वायरी. बघायला अर्धं गाव. एकाने विचारलं, "वयनी, माजा मोडका हात यात घातला त फोटो येल का?" भाऊ त्याच्यावर खेकसले, "हात घाल, टंच कलंल तुजा." भाऊ हे देवस्थानचे प्रमुख, त्यामुळे लोक हसले आणि गप्प झाले.

मशीन सुरू करून आधी माझा प्रमाणित तुकडा लावला, ज्याचा टंच आपल्याला माहीत असतो तो. आकडा बरोबर आला. म्हणजे प्रवासात मशीनला काही झालेलं नव्हतं.

कमळकाकीने पितळी डब्यातून, लाल फडक्यात गुंडाळलेली माळ आणली. "नीट धर गो," म्हणाली. मी कोमट पाणी आणि कापूस मागितला, तर पप्पांनी हात आडवा केला.

"पानी न्हाय लावाचं. माळ धुवाची ती जत्रेच्या पहाटं, नव्या घरानं. तवर अंगावरचा शेंदूर पन धुवाचा न्हाय."

भाऊंनीही मान डोलावली. कमळकाकी म्हणाली, "आमच्यात कंदीच न्हाय लावलं पानी. शेंदूर लावल्याबिगर देवीचा डबा झाकलाच न्हाय मी." तिच्या आवाजात अभिमान होता.

मग कोरड्या फडक्याने वरवर पुसली. पुतळ्यांच्या खाचांत लालसर झाक होती. शेंदूर फडक्याला आला होता; ही झाक सोनार जुन्या दागिन्यांना गेरूचा हात देतात, तशी असेल असं वाटलं. मंदिरातला दिवाही मंद होता.

पहिली पुतळी ९०.४. दुसरी ८३.१. तिसरी ७१.६.

इतका फरक पाहून मी थांबायला हवं होतं का? थांबून काय केलं असतं? सगळे माझ्याकडे बघत होते. तिन्हींची सरासरी काढली आणि छापली. ८१.७०. बावीस कॅरेट असती तर एक्क्याण्णवच्या वर यायला हवी होती.

भाऊंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे 'इतर' म्हंजे काय?"

"सोनं, चांदी, तांबं, जस्त सोडून बाकीचं."

"म्हंजे भेसळ," पप्पा म्हणाले.

मी 'तसंच असं नाही' म्हणणार होते, पण तोवर आवाज वाढला होता. कोणीतरी म्हणालं, "देवीच्या गळ्यातलं खाल्लं?" कमळकाकीने कागदाकडे बघितलंच नाही. ती दाराकडे बघत होती, तिथे भाविक नव्या मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा होता. गर्दीत तिला कोंडल्यासारखं होत असावं. बाहेर हवा चांगली होती.

३ मार्च

कमळकाकीने कबूल केलं.

सकाळी देवळात उभी राहिली आणि म्हणाली, "माज्याकडून झालं. पंढरीच्या आजारपनाचं कर्ज हुतं, म्हनून पुतळ्या मोडल्या मी. दुसऱ्या बसवल्या."

"कुठल्या?" भाऊंनी विचारलं.

"आठवत न्हाय."

"कन्च्या सोनाराकडं?"

"तो मेला."

पाळी तिच्या घराकडून कायमची काढून घेतली. तिने स्वतःहून हातातल्या पाटल्या देवीपुढे ठेवल्या. मनगटावर पांढरा पट्टा दिसत होता.

वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, छातीवरचं ओझंही उतरलं. काही पुतळ्या बदललेल्या असतील तर आकडे वेगवेगळे येणारच. कालपासून तो फरक मला टोचत होता, त्याचं कारण मिळालं. मोजमाप बरोबर होतं.

११ मार्च

भाविक घर सोडून गेला. आईंनी भाजी निवडताना सांगितलं. कबुली देऊन कमळकाकी घरी आली, आणि त्याला एवढंच म्हणाली, "ती गाडी परत देऊन टाक." त्याने किल्ली ओट्यावर ठेवली, कपड्यांची बॅग भरली आणि गेला. पडघ्याला कुठल्या तरी गोदामात लागलाय म्हणतात.

"गाडीचं काय?" मी विचारलं.

आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेंधळी आहे. "काय न्हाय. भेंडी कवळी बघून घे."

कमळकाकीने रस्त्याच्या कागदावर सही केली. पप्पा म्हणाले, एक तरी वाद मिटला. हे मात्र चांगलं झालं.

२३ एप्रिल

जत्रा.

माळ इतके दिवस देवळातच कुलपात होती. पहाटे आईंनी ती रिठ्याच्या गरम पाण्यात धुतली, मऊ ब्रशने खाचा घासल्या. पाणी नारिंगी झालं. पप्पांच्या मनात होतं की आपल्या घराकडे माळ येताना तिचा टंच सगळ्यांसमोर लिहून घ्यावा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. म्हणून मशीन पुन्हा देवळात नेलं होतं.

पहिली पुतळी ९१.८. दुसरी ९१.७. तिसरी ९१.९.

मशीन बिघडलं असं वाटून प्रमाणित तुकडा लावला. बरोबर. माळेची प्रत्येक पुतळी लावली. सगळ्या तशाच, एकही कमी नाही. मी तोंड उघडायच्या आत भाऊंनी कागद हातातून घेतला, वाचला आणि देवीपुढे आडवे झाले.

"शुद्ध केली! मावलीनं सोताच शुद्ध केली! पाप कबूल झालं, पाटल्या चढल्या, सोनं शुद्ध झालं!"

मग ढोल. मग बायकांच्या अंगात यायला लागलं. माझ्या मशीनला कोणीतरी हार घातला आणि कुंकू लावलं. मी ओरडत होते की असं होत नसतं, पण ढोलांत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पप्पा जवळ उभे होते. त्यांना नक्की ऐकू आलं असेल, पण ते हात जोडून होते.

कमळकाकी जत्रेला आली नव्हती.

२४ एप्रिल

दुकान लवकर उघडलं. दोन मार्चची मोजणी मशीनमध्ये आलेखासकट साठवलेली आहे. तेव्हा मी फक्त छापील ओळी पाहिल्या होत्या, आलेख उघडलाच नव्हता. आज उघडला. सोन्याच्या दोन उंच टोकांच्या मध्ये तिसरं टोक, लपलेलंसुद्धा नाही. शिसं. 'इतर'मधलं जवळजवळ सगळं शिसं.

शिसं सोन्यात मिसळून कोणी दागिना घडवत नाही. थोडं जरी शिसं गेलं तरी हातोडीखाली सोन्याचा भुगा होतो. हे पुस्तकात आहे, कॉलेजच्या वहीत माझ्या स्वतःच्या अक्षरात आहे.

पूजेच्या दुकानातून शेंदराची पुडी आणली. स्वतःची अंगठी आधी मशीनवर लावली, ९१.६. तेलात शेंदूर कालवून खाचांत लावला, कोरड्या फडक्याने पुसला, अंगठी परत मशीनवर लावली. ७६. थोडा जास्त लावला तर आणखी खाली. बाजारातला शेंदूर म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी. वरचा पातळ थर मशीनने पाहिला, आणि जे दिसलं त्याचं शंभर केलं.

मुलाम्याची बांगडी मी कापून दाखवली होती. तिथे सराफावर माझा विश्वास नव्हता. देवळात सगळे घरचे होते.

आणि कमळकाकीने कबूल का केलं? ते अजून कळत नाही.

२५ एप्रिल

पप्पांना सांगितलं. हितेश होता, भाऊही चहाला आले होते. अंगठी, शेंदूर, आलेख, सगळं दाखवलं.

भाऊ म्हणाले, "ते तुमचं सायन्स हाय. देवीचं येगलं."

"भाऊ, माळ पहिल्यापासून चांगलीच होती. काकीने काही केलेलं नाही."

पप्पा शांत होते. "मशीन चुकली असंल. बाई पन चुकली का? सोताच्या तोंडानं बोलली ना ती, सगल्यांसमोर?"

"मग आपण सगळ्यांसमोर सांगू, की—"

"काय सांगशील? दुकानावर बोर्ड लाव मग, इथं टंच चुकवून मिळंल." ते हसले. हितेशही हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. पप्पा पुढे म्हणाले, "बेटा, पाटल्या देवीला गेल्या. देवीला गेलेलं मागं न्हाय येत. आनि तिला तरी कशाला परत चर्चेत आणाची?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पप्पा मनाने वाईट नाहीत, त्यांना गावाचं सगळं सांभाळावं लागतं.

झोपताना हितेश म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं. पण आता बरोबर असून उपयोग काय?"

२७ एप्रिल

दुपारी कमळकाकीकडे गेले. ओट्यावर सुके बोंबील पसरून बसली होती. बस म्हणाली नाही, पण पाट सरकवला.

मी सगळं सांगितलं. नवा रिपोर्ट, जुन्या मोजणीचा आलेख, खाली माझी सही, हे सगळं हातात दिलं. तिला वाचता येतं, पण तिने वाचलं नाही.

"म्हंजे माळ चांगली होती?"

"होती. कोणीच काही केलेलं नव्हतं. शेंदरामुळे झालं. तुम्ही रोज लावत होतात म्हणून जास्तच."

तिने बोंबलांवरच्या माश्या हाकल्या.

"मी लावत हुते म्हनून," ती म्हणाली.

"काकी, मग तुम्ही कबूल का केलंत?"

"मी कुठं माजं केलं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यानं गाडी घेतली हुती. मना बोलला, हप्त्यावर हाय आये. मना खरं वाटलं हुतं. मंग तुजा कागद आला. तू शिकलेली, मशीन एवढी मोठी. मी बोलले, कागद काय खोटं बोलंल? पोऱ्याच बोलला असंल. पोऱ्याला गावानं धरला असता त हात मोडले असते. माजं काय, मी म्हातारी."

"त्याला विचारलंत नाही?"

"काय विचारू? विचारलं आनि हो बोलला असता त?"

मग तिने माझा हात धरला. मनगटावरचा पट्टा आता उन्हाने पुसट झालाय.

"माजा फोन न्हाय उचलत तो. तू जा. तुजं ऐकंल. हा कागद दाखव त्याला, यावरच लिवलाय ना सगला? सांग, आयस चुकली. बोल, घरी ये."

हो म्हणून आले. पाटल्यांचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

२ मे

पडघ्याला गेले. हितेशला सांगितलं, मशीनच्या सर्व्हिसचं काम आहे.

महामार्गाच्या आतल्या बाजूला गोदाम, दारात ट्रकांची रांग. वॉचमनने आत निरोप दिला. जेवणाच्या सुट्टीत भाविक बाहेर आला, गळ्यात ओळखपत्र, हातमोजे खिशात कोंबलेले. बारीक झालाय.

"वयनी, तू? आईला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे."

मग त्याचा चेहरा कोरा झाला. टपरीवर नेलं, चहा सांगितला, पैसे मला देऊ दिले नाहीत. मी आलेख उघडून समजवायला लागले. शिशाचं टोक दाखवलं. तो सभ्यपणे ऐकत होता, बँकेतल्या माणसाचं ऐकावं तसा.

मी थांबले तेव्हा म्हणाला, "मना कागद कशाला आणलास? मी घेतलं न्हाय, ते मना ठाऊकच होतं."

मी कागदाची घडी घातली.

"आईला दे तो."

"दिला. तिनेच पाठवलंय मला. ती म्हणाली, आयस चुकली म्हणून सांग."

"म्हंजे आता तिची खात्री झाली. कागद बघून." तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "आधी पन कागद बघूनच झाली होती. उद्या तू तिसरा आणशील."

"भाविक, चूक माझी आहे. तिची नाही. तुझे हातपाय वाचावेत म्हणून तिने स्वतःवर घेतलं."

"ते कलतं मना. सगल्या गावाला कललंय, आई माजी किती मोठी. पोऱ्या चोर, तरी पाटल्या काढून दिल्या." त्याने कप खाली ठेवला. "मना तेव्हा एकदा विचारलं असतं ना वयनी, जेवताना, साधं, 'तू घेतलंस का रं?' मी न्हाय बोललो असतो. तिनं मानलं नसतं तरी चाललं असतं. विचारलंच न्हाय."

आत भोंगा झाला. त्याने हातमोजे चढवले.

"तिला काय सांगू?"

"काय पन सांग," तो म्हणाला आणि आत गेला. वॉचमनने माझ्या हातातल्या कागदांकडे बघून विचारलं, "मॅडम, कंप्लेंट है क्या?"

रस्त्यावर बसची वाट बघत होते तेवढ्यात फोन वाजला. कमळकाकी.

"भेटला? काय बोलला?"

ट्रक जात होते. ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवता आला असता.

"येतो म्हणाला," मी म्हटलं.

नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "कंदी?"

"रविवारी. सुट्टी असते त्याला."

"नक्की बोलला?"

"नक्की."

"मंग मी खाडीतल्या चिंबोऱ्या सांगून ठेवते सनवारलाच," ती म्हणाली. "त्याला लई आवडतात. रविवारी त मिलत पन न्हाईत चांगल्या."

५ मे

रविवार. दुकान बंद.

संध्याकाळपासून माझा फोन वाजतोय. हितेशने आतून विचारलं, "कोण गं सारखं?"

"मशीनच्या कंपनीवाला," मी म्हटलं, आणि आवाज बंद करून फोन उलटा ठेवला.